मेजावरची आगगाडी आणि तिचे कर्ते : वेनमन बॅसेट-लोक

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील भोजनगृहात, लांबलचक मेजावर मांडलेली चांदीची आगगाडी ज्याने पाहिली नाही असा ग्वाल्हेरकर विरळाच. जेवणे आटोपली की मद्याची स्फटिकपात्रे, सिगार आणि सुकामेवा घेऊन तिचे डबे पाहुण्यांसमोरून संथपणे फिरत. कोणी पात्र उचलले की गाडी थांबे आणि ते जागेवर ठेवले की पुन्हा चालू लागे. शिंदे घराण्याच्या नावातील सात इंग्रजी अक्षरे एकेका डब्यावर एकेक अशी कोरलेली आहेत. एका मेजवानीत गाडी बेताल होऊन तिने बड्या पाहुण्यांचे पोशाख खराब केले, अशीही एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा रचलेली, राजवाडा पाहून परतणाऱ्याच्या स्मरणात भव्य झुंबरांइतकीच ही छोटी गाडीही राहते.

माधवराव महाराजांचे आगगाडीचे वेड या मेजापुरते नव्हते. हौसेखातर घातलेल्या छोट्या रुळांपासून सुरुवात करून त्यांनी आपल्या संस्थानात अवघ्या दोन फूट रुंदीच्या मार्गाचे जाळे विणले. १९०९ साली श्योपूरपर्यंत पोहोचलेली त्यातील लांब शाखा २०२० पर्यंत प्रवाशांची ने-आण करीत होती. महाराजांविषयी ग्वाल्हेरीत पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. मेजावरची ती गाडी ज्या इंग्रज कंपनीने पुरविली तिच्या संस्थापकाचे चरित्र मात्र मराठी वाचकाच्या फारसे परिचयाचे नाही. महाराजांचा जन्म १८७६ चा, या गृहस्थांचा १८७७ चा. दोघे एका पिढीचे होते, आणि आगगाडी हे त्या पिढीतील मुलांचे सर्वांत मोठे आश्चर्य होते.

वेनमन जोसेफ बॅसेट-लोक यांचा जन्म २७ डिसेंबर १८७७ रोजी इंग्लंडच्या मध्यभागातील नॉर्दॅम्प्टन या गावी झाला. हे गाव चांभारकामासाठी प्रसिद्ध. देशभरच्या पायांत जाणारे बूट येथे शिवले जात. वडील जोसेफ लोक यांचा मात्र बॉयलर बनविण्याचा आणि यंत्रदुरुस्तीचा कारखाना होता. शाळेत मुलाचे मन रमले नाही. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि काही काळ एका वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत उमेदवारी झाली. चरित्राच्या दृष्टीने ही उमेदवारी किरकोळ वाटते, परंतु पुढे या माणसाने इमारतींवर जे प्रेम केले त्याचे बीज त्या नकाशांच्या मेजावरच पडले असावे. त्यानंतर वेनमन वडिलांच्या कारखान्यात आले.

कारखान्यात काम करता करता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. इंग्लंडात घरच्या घरी छोटी वाफेची इंजिने तयार करणाऱ्या हौशी मंडळींची संख्या वाढत होती. कारकून, शिक्षक, डॉक्टर, कारागीर अशी ही मंडळी संध्याकाळी घराच्या मागल्या खोलीत लहानसा लेथ चालवीत बसत. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी अशा हौशींसाठी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. अडचण सुट्या भागांची होती. ओतीव सिलिंडर, चाके, झडपा, दाबमापक या वस्तू घरी बनत नसत आणि बाजारात मिळत नसत. वडिलांच्या कारखान्यातील हिशेबनीस हॅरी फ्रँकलिन यांना भागीदार करून वेनमन यांनी त्या टपालाने पुरविण्याचा व्यवसाय आरंभिला. १८९९ मध्ये पहिली मालसूची निघाली. फ्रँकलिन हिशेब पाहत आणि वेनमन माल शोधत व जाहिरात करीत. वयाच्या बाविसाव्या वर्षी हाती घेतलेला हा उद्योग त्यांनी जन्मभर सोडला नाही.

त्या काळी बाजारात मिळणाऱ्या खेळण्यातल्या आगगाड्या कशा असत हे जाणल्याशिवाय बॅसेट-लोक यांचे काम समजणार नाही. इंग्लंडात बनणारी पितळी वाफेची इंजिने रुळांवाचून थेट जमिनीवर धावत आणि धावताना पाण्याची धार सांडत. त्यांना मुलांनी दिलेले नावही त्या गळक्या धारेवरूनच पडले होते. जर्मनीतून येणाऱ्या गाड्या सुबक असत, रुळांवर चालत, पण त्यांचे रूप परदेशी, किंवा कोणत्याच देशाचे नसलेले. एकच डबा हिरवा रंगवला की एका कंपनीचा, लाल रंगवला की दुसरीचा. घरासमोरून रोज जाणाऱ्या गाडीचे इंजिन ज्याने निरखून पाहिले आहे त्या मुलाला ही फसवणूक लगेच कळे. त्याच्या वडिलांना तर त्याहूनही लवकर.

१९०० साली पॅरिसच्या विश्वप्रदर्शनास बॅसेट-लोक गेले आणि तेथे त्यांची न्यूरेंबर्गच्या खेळणी-कारखानदारांशी, विशेषतः बिंग कंपनीच्या स्टेफान बिंग यांच्याशी गाठ पडली. पत्रा कापणे, वळवणे, त्यावर रंगीत छपाई करणे यात न्यूरेंबर्गच्या कारागिरांचा हात धरणारे जगात कोणी नव्हते. बॅसेट-लोक यांनी त्यांच्यापुढे मांडलेली कल्पना आज साधी वाटते: इंग्रजी रेल्वेचे खरे इंजिन निवडायचे, त्याचे आराखडे आपण द्यायचे, आणि जर्मन कारखान्याने त्याबरहुकूम छोटी प्रत बनवायची. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या ‘ब्लॅक प्रिन्स’ या इंजिनाची प्रतिकृती अशा रीतीने बाजारात आली. पाठोपाठ न्यूरेंबर्गचेच जॉर्ज कारेट यांच्या कारखान्यातून डबे आणि इंजिने येऊ लागली. खेळणे आणि प्रतिकृती यांच्यातील रेषा येथे ओलांडली गेली.

आराखडे देणारा माणूस मिळणे हे भाग्य म्हणावे लागेल. हेन्री ग्रीनली हे लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या आरेखन-कचेरीत काम केलेले तरुण अभियंता होते. त्यांनी छोट्या आगगाडीला गणित दिले. रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर असेल तर खऱ्या गाडीच्या एका फुटाला प्रतिकृतीत ७ मिलिमीटर द्यायचे. रूळ ४५ मिलिमीटरचे असतील तर प्रमाण वेगळे. चाकाची कड किती जाड, वळणाची त्रिज्या किती, फलाट रुळापासून किती दूर, या सर्वांची कोष्टके ग्रीनली यांनी बसविली. त्यामुळे एका कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालू लागला आणि तिसऱ्याने बनविलेल्या स्थानकात शिरू लागला. १९०९ मध्ये दोघांनी मिळून या विषयाला वाहिलेले एक मासिकही काढले.

या गणितात एक गाठ राहून गेली. पुढे मेजावर मावणाऱ्या लहान गाड्या आल्या तेव्हा रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर ठरले. मात्र त्या काळची मोटर लहान इंग्रजी इंजिनाच्या अंगात मावेना, म्हणून इंजिनाचे अंग एका फुटाला ४ मिलिमीटर अशा किंचित मोठ्या प्रमाणाने करण्याचा मार्ग ग्रीनली यांनी पुरस्कारला. परिणामी रूळ अंगाच्या मानाने सुमारे सव्वादोन मिलिमीटर अरुंद झाले. ब्रिटनमधील हौशी मंडळी आजही याच मापावर गाड्या चालवतात आणि आजही यावरून वाद घालतात. यथार्थतेचा ध्यास घेतलेल्या माणसांनी व्यवहारासाठी केलेली ही तडजोड आहे. तिच्यावाचून घरोघरी गाड्या गेल्या असत्या की नाही, याची शंकाच आहे.

बॅसेट-लोक स्वतः फारसे काही बनवीत नसत, हे सांगितलेच पाहिजे. त्यांच्या नावाचा शिक्का असलेले इंजिन बिंग किंवा कारेट यांनी घडविलेले असे. रूळ जॉर्ज विंटरिंगहॅम यांचे, आराखडा ग्रीनली यांचा, हिशेब फ्रँकलिन यांचा. टीकाकारांना यात उणेपणा दिसला. परंतु कोणाच्या हाती काय उत्तम उतरते हे अचूक ओळखणे, त्या हातांना काम देणे आणि त्यांच्याकडून कमी प्रतीचे काहीही न स्वीकारणे हीदेखील एक कलाच आहे. बॅसेट-लोक त्या कलेतील निष्णात होते. १९०८ मध्ये लंडनच्या हाय होबर्न रस्त्यावर त्यांचे दुकान उघडले आणि त्याच्या काचेपुढे मुलांपेक्षा प्रौढांचीच गर्दी अधिक होऊ लागली.

मेजावरच्या गाडीने त्यांचे समाधान होईना. माणसाला बसता येईल अशा छोट्या आगगाड्यांसाठी त्यांनी वेगळी कंपनी काढली. रुळांमध्ये अवघे १५ इंच अंतर असलेली, ग्रीनली यांनी आखलेल्या ‘लिटल जायंट’ इंजिनाची गाडी १९०५ मध्ये ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर धावली. १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, उत्तर इंग्लंडातील डोंगराळ भागात बंद पडलेला रेव्हनग्लास ते एस्कडेल हा तीन फुटी मार्ग त्यांच्या कंपनीने भाड्याने घेतला आणि त्याच मापाचे, १५ इंची, रूळ तेथे टाकले. खनिजासाठी बांधलेला आणि दिवाळखोरीत गेलेला हा मार्ग खेळण्याच्या इंजिनाने पुन्हा जिवंत केला. सुमारे सात मैलांच्या या मार्गावर आजही गाड्या धावतात.

याच महायुद्धाने त्यांच्या व्यवसायाच्या मुळावर घाव घातला. १९१४ च्या ऑगस्टमध्ये न्यूरेंबर्गशी असलेले सर्व व्यवहार एका दिवसात तुटले. ज्यांच्या घरी जेवण झाले, ज्यांच्याशी चौदा वर्षे पत्रव्यवहार होता, ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. कारेट यांचा कारखाना १९१७ मध्ये कायमचा बंद पडला. इंग्लंडात जर्मन मालाविरुद्ध संताप उसळला होता आणि बॅसेट-लोक यांच्या मालसूचीचे पानन्‌पान जर्मन हातांनी घडविलेल्या वस्तूंनी भरलेले होते. कंपनी युद्धसामग्रीसाठी लागणारी मापयंत्रे आणि नौदलाच्या शिक्षणासाठी युद्धनौकांच्या प्रतिकृती बनवू लागली. विंटरिंगहॅम यांच्या कारखान्यावर स्वदेशी उत्पादनाचा भार आला.

अशा काळात या गृहस्थांनी घर बांधायला घेतले, तेही अशा मनुष्याकडून ज्याला कोणी काम देत नव्हते. १९१७ मध्ये फ्लोरेन्स जोन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या गावातील एका प्रसिद्ध बूट-कारखानदाराच्या कन्या. विवाहाआधीच नॉर्दॅम्प्टनच्या डर्नगेट रस्त्यावरील ७८ क्रमांकाचे अरुंद, चाळवजा ओळीतले जुने घर वडिलांनी घेऊन दिले होते. त्याचा कायापालट करण्याचे काम चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश यांच्याकडे आले. ग्लासगोच्या कलाशाळेची इमारत उभारणारा हा थोर स्कॉटिश वास्तुकार तेव्हा लंडनमध्ये जवळजवळ विस्मृतीत दिवस काढीत होता. त्याआधी एका किनाऱ्यावरच्या खेड्यात राहत असता व्हिएन्नाहून आलेल्या पत्रांमुळे त्यांच्यावर हेरगिरीचा संशयही घेतला गेला होता. मॅकिन्टॉश यांनी घरातील जिना फिरवून जागा मोकळी केली. दर्शनी दालनाला काळा रंग दिला आणि त्यावर पिवळ्या त्रिकोणांची नक्षी काढली. पाहुण्यांच्या खोलीत पलंगामागच्या भिंतीवरून छतापर्यंत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी केली. जॉर्ज बर्नार्ड शॉ या खोलीत राहिले होते. एवढ्या पट्ट्यांत झोप लागेल ना, या काळजीवर त्यांनी आपण डोळे मिटून झोपतो असे उत्तर दिल्याची आठवण सांगतात.

या घरातील काही लाकूडकाम मॅन बेटावरच्या नॉकालो छावणीत झाले. तेथे इंग्लंडात अडकून पडलेले जर्मन नागरिक कैदेत होते आणि क्वेकर पंथीयांच्या साहाय्याने सुतारकाम करीत होते. बाहेर जर्मन मालाची दुकाने फुटत असताना आपल्या नव्या संसाराचे सामान जर्मन बंदिवानांकडून करून घेणाऱ्या या माणसाने कोणतेही राजकीय भाषण केल्याचा बोलबाला नाही. चांगले काम ज्याच्या हातून होते त्याच्याकडून ते घ्यायचे, हा त्यांचा पॅरिसमधला शिरस्ता युद्धातही मोडला नाही, इतकेच दिसते. युद्ध संपल्यावर बिंग यांच्याशी संबंध पुन्हा जुळले. मेजावर मांडता येईल अशी बिंग यांची चिमुकली गाडी १९२२ मध्ये इंग्लंडात आणण्यात त्यांचा वाटा होता. १९२६ मध्ये त्यांनी दुसरे घर बांधले, त्याचा आराखडाही जर्मन वास्तुकार पेटर बेहरेन्स यांचा. सपाट छताच्या या पांढऱ्या घराला ‘न्यू वेज’ असे नाव होते. ब्रिटनमधील आधुनिक पद्धतीच्या पहिल्या घरांत त्याची गणना होते.

वास्तुकलेचे हे प्रेम त्यांच्या व्यवसायात उतरले. आगगाडी एकटी धावत नाही. तिला स्थानक, फलाट, संकेत-खोली, माल-धक्का, पूल, बोगदा आणि पलीकडे दिसणारे गाव लागते. हौशी माणूस इंजिनासाठी जितका झटतो तितकाच या लहानशा जगासाठीही झटतो. लाकडी आणि पत्र्याच्या छापील स्थानकांना मालसूचीत स्थान मिळाले. १९२० नंतर नॉर्दॅम्प्टनमध्ये येऊन राहिलेले अर्नेस्ट ट्वायनिंग हे चित्रकार-अभियंता इमारतींच्या आणि भूदृश्यांच्या प्रतिकृतींत पारंगत होते, त्यांचे साहाय्य लाभले. बीकन्सफील्ड येथे एका हिशेबतपासनिसाने आपल्या बागेत उभारलेल्या बेकन्स्कॉट या चिमुकल्या गावात, १९२९ मध्ये ते लोकांना खुले झाले तेव्हा, धावणारी गाडी बॅसेट-लोक यांचीच होती. गंमत अशी की तेथील घरे खऱ्याच्या बाराव्या हिश्शाने लहान आहेत आणि गाडी बत्तिसाव्या हिश्शाने. प्रमाणाचे कट्टर उपासक असूनही बॅसेट-लोक यांनी ही विसंगती खपवून घेतली. त्या गावातील बाळबोध आनंदापुढे कोष्टक बाजूला ठेवणेच शहाणपणाचे होते.

नंतरच्या वर्षांत स्पर्धा तीव्र झाली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये चावीच्या गाड्या स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर काढल्या. हॉर्नबींची गाडी मध्यमवर्गीय मुलाच्या वाढदिवसाला मिळे, तर बॅसेट-लोक यांची त्याच्या वडिलांच्या महिनोन्‌महिन्यांच्या बचतीतून येई. हे त्यांच्या कार्याचे मोठे न्यून आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. स्वतः फेबियन समाजवादी असलेला, नगरपालिकेत बसून गावातील सार्वजनिक स्नानगृहांसाठी झटणारा, गावात नाट्यगृह चालावे म्हणून धडपडणारा हा गृहस्थ ज्या वस्तू विकत होता त्या बहुतांशी सुखवस्तूंच्या घरी जात. हा विरोध त्यांना स्वतःलाही जाणवला असावा. मेजावर मावणारी, परवडणारी गाडी आणण्याचे त्यांचे वारंवारचे प्रयत्न याच दिशेचे होते.

त्यातला शेवटचा आणि मोठा प्रयत्न पुन्हा जुन्या मित्रांसोबतच झाला. बिंग यांचा मूळ उद्योग १९३० च्या दशकाच्या आरंभी मोडला. स्टेफान बिंग यांनी न्यूरेंबर्गमध्ये ट्रिक्स नावाने नवा उद्योग उभारला आणि १९३५ मध्ये एकाच रुळावर दोन गाड्या स्वतंत्रपणे चालविता येणारी विजेची छोटी गाडी बाजारात आणली. पण बिंग ज्यू होते. हिटलरच्या राजवटीत त्यांना उद्योग सोडून इंग्लंडात आश्रय घ्यावा लागला. ट्रिक्सची इंग्लंडातील शाखा बॅसेट-लोक यांच्या सहकार्याने उभी राहिली आणि नॉर्दॅम्प्टनमध्ये ‘ट्रिक्स ट्विन’ गाड्या बनू लागल्या. सुटे भाग हवे तसे जुळवून वेगवेगळ्या आकारांची आधुनिक स्थानके उभारता येतील असा इमारतींचा संचही तिच्यासाठी निघाला. त्याची सपाट छते आणि गोलाकार कोपरे पाहिले की ‘न्यू वेज’च्या मालकाची आठवण होते. पॅरिसमध्ये एका तरुण इंग्रजाला गाड्या बनवून देणारा कारखानदार पस्तीस वर्षांनंतर त्याच्याच देशात निर्वासित म्हणून आला, आणि ओळख जुनी होती म्हणून त्याला कामाला जागा मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात खेळण्यांचे उत्पादन थांबले. कंपनीने सैन्यासाठी प्रतिकृती बनविल्या. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तरंगत नेऊन बसविलेल्या ‘मलबेरी’ बंदरांच्या योजनेसाठी केलेल्या प्रतिकृती त्यात होत्या. प्रत्यक्ष पोलाद आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी सेनाधिकाऱ्यांना ती कल्पना हातभर आकारात दाखविणारी मंडळी नॉर्दॅम्प्टनची होती. महासागरावरच्या मोठ्या प्रवासी जहाजांच्या काचपेटीतल्या प्रतिकृतींसाठी ही कंपनी आधीपासूनच नावाजलेली होती. युद्ध संपत असता, १९४५ मध्ये, मुलांसाठी प्रतिकृतींवरचे एक स्वस्त, चित्रमय पुस्तकही त्यांनी सहलेखकासह प्रसिद्ध केले.

ऑक्टोबर १९५३ मध्ये वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी बॅसेट-लोक निवर्तले. त्यांना अपत्य नव्हते. कंपनी त्यांच्यामागे थोडी वर्षेच टिकली. हाताने रंगविलेल्या, मोजक्या संख्येने बनणाऱ्या इंजिनांना प्लॅस्टिकच्या युगात गिऱ्हाईक उरले नाही आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास तिचा व्यापार बंद झाला. त्यांचे नाव पुढे दुसऱ्यांनी विकत घेतले आणि अखेरीस २००८ मध्ये ते हॉर्नबी कंपनीकडे गेले, जिच्याशी त्यांनी आयुष्यभर स्पर्धा केली होती. डर्नगेट रस्त्यावरचे घर दुरुस्त होऊन २००३ पासून लोकांना पाहण्यास खुले आहे. काळे दालन आणि पिवळे त्रिकोण तेथे पुन्हा मूळच्या रूपात आले आहेत. ग्वाल्हेरच्या राजवाड्याचा काही भाग १९६४ पासून वस्तुसंग्रहालय म्हणून खुला झाला, आणि तेथील मेजावर चांदीची गाडी आपल्या सात डब्यांसह उभी आहे.